कित्तिसद्द आणि कसोटी : सिद्धार्थ महाविद्यालयाच्या लौकिकाचा विचार

वर्षावासाच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड परिसरात एका बौद्धवाडीत प्रवचनासाठी जाण्याचा प्रसंग आम्हांस आला होता. प्रवचन संपल्यावर वाडीतील एका गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी बारावी उत्तीर्ण झाली होती आणि तिला कला शाखेतील पुढील शिक्षणासाठी मुंबईस नातेवाइकांकडे पाठवावयाचे घरात ठरत होते. ते म्हणाले, "सर, आमचे वडील नोकरी करून सिद्धार्थमध्ये शिकले, म्हणून आमचे घर उभे राहिले. मुलीलाही तिथेच घालावे असे माझ्या मनात आहे. पण घरात दोन मते आहेत. कॉलेजचे नाव बघून घालावे म्हणतात. नाव कशावरून ठरवायचे, ते तुम्ही सांगा."

प्रश्न साधा होता. परंतु त्यास एका वाक्यात उत्तर देणे आम्हांस जमले नाही. सिद्धार्थ महाविद्यालय हे आमच्या समाजाच्या दृष्टीने केवळ एक शिक्षणसंस्था नव्हे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतःच्या हाताने लावलेले ते झाड होय. त्यामुळे त्याविषयी बोलताना आपण एक तर भक्तिभावाने बोलतो, नाहीतर निराशेने. या दोन्ही टोकांचा त्याग करून एखाद्या महाविद्यालयाचा लौकिक कसा तोलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

मालगुंडची कीर्ती

ज्या गावी हा प्रश्न विचारला गेला, त्या गावाची कीर्तीच या विषयाची उत्तम प्रस्तावना ठरावी. गणपतीपुळ्याच्या शेजारचे मालगुंड हे आज महाराष्ट्रात ओळखले जाते ते कृष्णाजी केशव दामले उर्फ केशवसुत यांचे जन्मस्थान म्हणून. १८६६ साली जन्मलेल्या या कवीचे औपचारिक शिक्षण १८८९ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होण्यापाशी थांबले. पुढे ठिकठिकाणी शिक्षकाची नोकरी करीत त्यांनी आयुष्य काढले आणि १९०५ साली हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला नाही. हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने तो निघाला १९१७ साली, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. मालगुंडचे स्मारक तर १९९४ सालचे आहे.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, गुण आणि कीर्ती यांची गाठ एकाच वेळी पडतेच असे नाही. दुसरी गोष्ट आमच्या विषयाशी अधिक निगडित आहे. केशवसुतांनी 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' या नावाची कविता लिहिली. अस्पृश्य बालकाच्या मनातील प्रश्नाला त्यांनी त्या काळी मराठी कवितेत स्थान दिले, हे त्यांचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. तथापि तो प्रश्न त्या मुलाच्या वतीने दुसऱ्याने विचारलेला होता. त्या मुलाने स्वतः प्रश्न विचारावा, स्वतः ग्रंथ उघडावा आणि स्वतः उत्तर लिहावे, यासाठी शाळा आणि महाविद्यालय लागते. कोकणात खोतांच्या जमिनीत राबणाऱ्या आणि पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत जाणाऱ्या आमच्या पूर्वजांना ते कोठून मिळणार होते? रत्नागिरी शहरात महाविद्यालय निघाले तेच मुळी १९४५ साली. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. परंतु त्यांचे स्वतःचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि पुढे परदेशात झाले.

सुत्तातील कसोटी

पालि साहित्यात कीर्तीसाठी 'कित्तिसद्द' असा शब्द येतो. सद्द म्हणजे शब्द, ध्वनी. लोकांच्या तोंडून उठलेला आणि दूरवर पसरलेला आवाज, असा त्याचा भाव आहे. तथागतांचाही कित्तिसद्द पसरलेला होता आणि तो ऐकून लोक त्यांच्याकडे येत असत. परंतु ऐकून येणे आणि पारखून स्वीकारणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कालामांना उद्देशून केलेल्या उपदेशात केवळ ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा बोलणाऱ्याच्या थोरवीवर विसंबू नये असे सांगितले आहे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. यश आणि अयश, निंदा आणि प्रशंसा यांची गणना तर तथागतांनी आठ लोकधर्मांतच केली आहे. ते येतात आणि जातात. त्यांवरून वस्तूचे मोल ठरत नाही.

मग ते कशावरून ठरवावे? संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात यासंबंधी एक मार्मिक प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात सायंकाळी भगवान द्वाराबाहेर बसले असता राजा प्रसेनजित तेथे आला. तेवढ्यात जटिल, निगंठ, अचेलक इत्यादी वेषांतील तपस्वी जवळून गेले. राजाने उठून, गुडघा टेकून, आपले नाव सांगून त्यांना वंदन केले आणि ते अर्हतांपैकी असावेत असे भगवंतांना म्हटले. भगवंतांनी उत्तर दिले की, संसारात रमलेल्या गृहस्थास हे ओळखणे कठीण आहे. शील कळते ते संवासाने, म्हणजे एकत्र राहण्याने. शुचिता कळते ती संव्यवहाराने. थाम म्हणजे धैर्यबळ कळते ते आपत्तीत. आणि प्रज्ञा कळते ती साकच्छेने, म्हणजे चर्चेने. तेही दीर्घ काळाने, थोडक्या काळात नव्हे. लक्ष देणाऱ्यास, बेफिकिरास नव्हे. आणि प्रज्ञावंतास, मूढास नव्हे. यावर राजाने कबूल केले की, ती माणसे वस्तुतः त्याचेच हेर होते. हेरगिरी करून परतल्यावर ते अंग धुऊन पुन्हा सुखोपभोगात रमत असत.

वेष पाहून वंदन करणारा राजा आणि नाव ऐकून प्रवेश घेणारा पालक यांत फारसे अंतर नाही. म्हणून हीच चार ठाणे आम्ही सिद्धार्थ महाविद्यालयास लावून पाहू.

संवास : एकत्र राहण्याची कसोटी

बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ रोजी केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कला व विज्ञान महाविद्यालय सुरू झाले. आरंभ युद्धकाळातील लष्करी बराकींत झाला. पुढे फोर्ट भागात, आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, आनंद भवन आणि बुद्ध भवन या वास्तू महाविद्यालयाशी जोडल्या गेल्या. धम्मदीक्षेस अजून दहा वर्षे अवकाश असताना संस्थापकाने गौतमाचे गृहस्थाश्रमातील नाव महाविद्यालयास दिले. ज्ञानाच्या शोधात घर सोडून निघणाऱ्या तरुणाचे ते नाव आहे. विद्यार्थ्यांसाठी याहून समर्पक नाव कोणते असणार?

या महाविद्यालयाचे शील त्याच्या वेळापत्रकात दिसते असे आम्ही म्हणतो, तेव्हा कोणी हसू नये. दिवसा कारकुनी, शिपाईगिरी किंवा गिरणीतील काम करणाऱ्या तरुणास शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरविण्याची पद्धत येथे रुजली. कोकणातील किती गावांच्या 'मुंबई शाखां'चे कार्यकर्ते सकाळी वर्गात, दिवसा कचेरीत आणि रात्री चाळीच्या खोलीत दहाजणांत वळकटी पसरून राहिले, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडावयाची नाही. विद्यार्थ्याने आपले दारिद्र्य बाजूला ठेवून महाविद्यालयात यावे, ही अपेक्षा इतरत्र होती. येथे महाविद्यालयाने आपली घड्याळे त्या दारिद्र्याच्या सोयीने लावली.

परंतु याच ठाण्यावर एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. महाविद्यालयाची स्तुती करणारे आणि त्याला नावे ठेवणारे, दोघांचाही आज त्याच्याशी संवास राहिलेला नाही. पदवी घेऊन, नोकरी मिळवून आणि उपनगरात घर घेऊन जे बाहेर पडले, त्यांतील किती जणांनी पुन्हा त्या जिन्याची पायरी चढली? दूर राहून केलेले स्तवन आणि दूर राहून केलेली निंदा, सुत्ताच्या दृष्टीने दोन्ही सारखीच निराधार होत.

संव्यवहार : वागणुकीची कसोटी

या ठाण्याचे विवरण अंगुत्तरनिकायात आले आहे. एकाशी एक प्रकारे, दोघांशी दुसऱ्या प्रकारे आणि पुष्कळांशी तिसऱ्याच प्रकारे जो वागतो, त्याचा व्यवहार शुद्ध नव्हे, असा त्याचा आशय आहे. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येचे दार बंद होते, त्याने स्वतःचे दार उभारल्यावर ते इतरांस बंद केले असते तर मानसशास्त्र समजण्याजोगे होते. परंतु बाबासाहेबांनी तसे केले नाही. सिद्धार्थचे दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडे राहिले आणि अध्यापकही गुण पाहून निवडले गेले. संस्कृतचे नामवंत पंडित अ. बा. गजेंद्रगडकर यांना प्रारंभीच प्राचार्यपद देण्यात आले. समाजवादी विचारांचे मधु दंडवते यांनी येथे १९४६ पासून १९७१ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, पदार्थविज्ञान शिकविले. त्यानंतर ते कोकणातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले, १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वेच्या प्रश्नाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. आज रत्नागिरी स्थानकावर उतरून मालगुंडकडे जाणाऱ्या प्रवाशास या मंत्र्याच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे बाबासाहेबांच्या महाविद्यालयात गेली होती, हे ठाऊक असतेच असे नाही.

संस्थेच्या नंतरच्या इतिहासात व्यवस्थापनाविषयीचे मतभेद न्यायालयापर्यंत गेले, हेही सर्वश्रुत आहे. ही गोष्ट झाकून ठेवणे धम्मास धरून होणार नाही. व्यवहाराची कसोटी संस्थापकाच्या काळापुरती लावायची आणि पुढील काळ वगळायचा, हा पक्षपात होय. संघातही वाद उत्पन्न झाले होते. कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण विकोपास गेले, तेव्हा भगवान त्यांस सोडून एकांतात निघून गेले आणि उपासकांनी त्या भिक्खूंचा आदरसत्कार थांबविला, तेव्हा कोठे ते भानावर आले. विनयपिटकाने हा प्रसंग लपविला नाही. आपल्या संस्थांचे वाद आपण त्याच स्वच्छ दृष्टीने पाहावेत आणि उपासकांनी त्यावेळी जे कर्तव्य केले तेही स्मरावे.

आपदा : संकटाची कसोटी

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा सिद्धार्थ महाविद्यालय अवघे दहा वर्षांचे होते. वाणिज्य महाविद्यालय १९५३ साली निघाले होते आणि विधी महाविद्यालय त्याच १९५६ सालचे. एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर उभ्या राहिलेल्या संस्था त्या व्यक्तीबरोबर लयास जातात, हा नेहमीचा अनुभव आहे. येथे तसे घडले नाही. उलट १९५७ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथराज जगासमोर आला तो सिद्धार्थ महाविद्यालय प्रकाशन म्हणून. आमच्यासारख्या पालिच्या अभ्यासकास या घटनेचे महत्त्व विशेष वाटते. ज्या ग्रंथाने पुढे लक्षावधी कुटुंबांच्या जीवनाची दिशा ठरविली, त्याच्या पहिल्या आवृत्तीवर एखाद्या विद्यापीठाची किंवा बड्या प्रकाशनगृहाची मुद्रा नाही. दहा वर्षांच्या, शोकाकुल आणि साधनहीन महाविद्यालयाची ती मुद्रा आहे. महाविद्यालयाच्या लौकिकात ही एक नोंद वजनात टाकली तर पारडे कोठे झुकेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

याच संस्थेच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील मिलिंद महाविद्यालयाची कसोटी निराळ्या प्रकारे लागली. १९५० साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या परिसरास नागसेनवन हे नाव मिळाले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातील आमच्या वस्त्यांवर हल्ले झाले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ पर्यंत चाललेल्या लढ्यात नागसेनवनातील विद्यार्थी अग्रभागी राहिले. घरे जळत असताना विद्येवरील हक्क न सोडणे, यालाच सुत्ताच्या भाषेत थाम म्हणावयाचे.

साकच्छा : चर्चेची कसोटी

चौथे ठाण प्रज्ञेचे. पाण्याच्या काठावर उभा राहिलेला डोळस मनुष्य उठणाऱ्या तरंगांवरून मासा लहान की मोठा हे ओळखतो, तसे चर्चेतील प्रश्नावरून आणि उत्तरावरून माणसाची प्रज्ञा ओळखावी, असा दृष्टांत अंगुत्तरनिकायात येतो. महाविद्यालय म्हणजे मुळात साकच्छेची जागा. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि हिंदू कोड बिलासारखा वादाचा विषय स्वतः बाबासाहेबांनी तेथे विद्यार्थ्यांसमोर मांडला. देशाचा कायदेमंत्री विद्यार्थ्यांच्या सभागृहात येऊन आपली भूमिका पटवून देतो, याचा अर्थ तो विद्यार्थ्यांस विचार करण्यास योग्य मानतो. त्यांच्या संग्रहातील ग्रंथही पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले.

मिलिंद महाविद्यालयाच्या नावातच ही कसोटी गोवलेली आहे. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद याने चर्चेस आमंत्रण दिले असता नागसेन विचारतात की, चर्चा पंडितांच्या रीतीने होणार की राजांच्या रीतीने? पंडित खोडून काढला गेला तरी रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाऱ्यास शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली आणि हार प्रांजळपणे मान्य केली. हाच बौद्धिक प्रामाणिकपणा बाबासाहेबांस आदर्श वाटला. त्या महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या अध्यापकांच्या भोवती 'अस्मिता' व पुढे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभे राहिले आणि दलित साहित्यास व्यासपीठ मिळाले. अंत्यजाच्या मुलाचा प्रश्न आता तो मुलगा स्वतः विचारू लागला होता, आणि उत्तरही तोच लिहीत होता. मालगुंडच्या कवीचा प्रश्न आणि नागसेनवनातील उत्तर यांच्यामध्ये सुमारे ऐंशी वर्षांचे अंतर आहे. ते अंतर महाविद्यालयांनी तोडले.

आजचे मोजमाप

आज महाविद्यालयांचे मूल्यांकन राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद करते. ही परिषद १९९४ साली स्थापन झाली. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, भौतिक सुविधा, विद्यार्थ्यांस साहाय्य, व्यवस्थापन आणि संस्थेचे विशेष उपक्रम अशा सात निकषांवर महाविद्यालयाने स्वतःचा अहवाल सादर करावयाचा आणि त्याची छाननी होऊन श्रेणी ठरावयाची, अशी ही पद्धत वाढली. ती निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. ग्रंथालयात ग्रंथ आहेत काय, अध्यापकांची पदे भरलेली आहेत काय, हे कोणीतरी मोजलेच पाहिजे, आणि तेथे उणे निघाल्यास पूर्वपुण्याईचा दाखला देऊन सुटका होणार नाही. मात्र सुत्ताने घातलेली दीर्घ काळाची अट थोड्या दिवसांच्या भेटीने पुरी होत नाही. तपासणीच्या दिवशी भिंती रंगविलेल्या असतात. शिवाय विद्यार्थी कोठून आला आणि कोठे पोहोचला, यांतील अंतर श्रेणीच्या अक्षरात मावत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरातील नव्वद टक्क्यांचा विद्यार्थी घेऊन त्यास पदवीधर करणे आणि घरातील पहिलाच अक्षर ओळखणारा विद्यार्थी घेऊन त्यास पदवीधर करणे, ही दोन कामे एका मापाने कशी मोजावीत?

उपसंहार

तेव्हा निष्कर्ष असा. आपदेच्या आणि साकच्छेच्या ठाणांवर बाबासाहेबांच्या महाविद्यालयांचा इतिहास कोणत्याही नामांकित संस्थेच्या शेजारी मान ताठ ठेवून उभा राहू शकतो. संव्यवहाराच्या ठाणावर संस्थापकाचा आदर्श उज्ज्वल आहे आणि पुढील काळाचा हिशेब चुकता करावयाचा आहे. संवासाच्या ठाणावर तर दोषाचा मोठा वाटा आपल्याकडेच येतो. विहारास दान देताना आपला हात मागे राहत नाही. परंतु ज्या महाविद्यालयाने आपल्याला विहार बांधण्याइतके समर्थ केले, त्याच्या ग्रंथालयास वर्षातून एक ग्रंथ आणि एखाद्या होतकरू मुलास एक वर्षाचे शुल्क देणे आपल्याला सुचत नाही. गतकाळाची कीर्ती ही वारसाहक्काने मिळालेली शेती नव्हे. ती कसावी लागते.

मालगुंडच्या त्या गृहस्थांस आम्ही त्या सायंकाळी एवढेच सांगितले की, मुलीस सोबत घेऊन मुंबईस जा. सिद्धार्थ पाहा आणि नातेवाईक सांगतात ती दुसरी महाविद्यालयेही पाहा. सकाळी वर्ग वेळेवर भरतो का, ग्रंथालयात विद्यार्थी बसलेले असतात का, ते पाहा. तेथे शिकणाऱ्या मुलींशी तुमच्या मुलीस बोलू द्या. वर्गात प्रश्न विचारलेला शिक्षकांस आवडतो का, हे तिने त्यांना विचारावे. आजोबांचे नाव मनात ठेवा, पण निर्णय त्या नावाने करू नका. निर्णय मुलीस करू द्या.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे परीक्षा आमचीच आहे." लक्ष देणाऱ्यास कळते, बेफिकिरास कळत नाही, या सुत्तातील अटीचा अर्थ त्यांनी आमच्याहून थोडक्या शब्दांत सांगितला होता.